वाकळेतला कोळी

१

उज्ज्वलाच्या दातांत कडुलिंबाचा पाला अडकला होता. पंचनाम्याच्या वेळी एका बाईनं तिचं तोंड पुसायला घेतलं तेव्हा मी ते पाहिलं, लिहून घेतलं आणि पुढं सरकले. त्या खोलीत मेलेल्या बाईकडं तसंही कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्या वाकळेवर चिरडून पडलेल्या कोळ्यावर खिळले होते.

धारूरचा घाट उतरला की डाव्या हाताला पिंपळदरा नावाची वस्ती लागते. शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांची दहा-बारा घरं. त्यातलं शेवटचं घर मुंजाजीचं. मी फौजदार अंजली ओव्हाळ सकाळी हवालदार बन्सीभाऊंना घेऊन तिथं पोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंजाजीची थोरली सून उज्ज्वला पहाटे गेली होती. वय पंचविशीच्या आतलं, लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

घरातल्या सगळ्यांनी एकच हकीकत सांगितली. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठली आणि थोड्याच वेळात गेली. नंतर सासू दगडाबाईनं वाकळ झटकली तर तो केसाळ किडा निघाला. नवरा सोमनाथ यानं चप्पल मारून तो ठार केला. सोमनाथ शेरडं बाजाराला नेण्यासाठी पिकअप चालवतो. आम्ही गेलो तेव्हा तो दारातल्या त्याच गाडीच्या चाकाला टेकून बसला होता आणि हाक मारली तरी मान वर करत नव्हता.

किडा घरच्यांच्या ओळखीचा होता. धाकटा मुलगा समाधान अंबाजोगाईला बी.एस्सी.ला आहे. त्यानं हौसेनं टॅरंटुला नावाचा मोठा कोळी पाळला होता. अजून पिल्लूच, पायांसकट रुपयापेक्षा जरा मोठं. सुटीला येताना तो डबा घेऊन यायचा आणि आई दर वेळी कपाळावर हात मारायची. म्हणायची, हा किडा एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार.

बन्सीभाऊंनी तोवर मोबाइलवर फोटो जुळवून पाहिला होता. मोबाइल म्हणत होता, हा आपल्याकडचा झाडावरचा कोळी, चावला तर माणूस लोळतो. मला त्या मोबाइलचा नेहमीच राग येतो. दोन बोटांत तो डॉक्टरही होतो आणि न्यायाधीशही.

दुपारी शिरूर कासारहून उज्ज्वलाचे वडील अर्जुनराव आले. ते रडले नाहीत. लेकीच्या तोंडावरचं कापड बाजूला करून बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडं वळले.

"किडा आपल्या पायानं आला न्हाई, बाई. धाकट्यानं सोडला. त्याची नजर वाईट हुती, पोरगी दाद देत नव्हती. लिवून घ्या."

फिर्याद खुनाची झाली. समाधानला राखणीच्या माळ्यावरून उचलून आणेपर्यंत उज्ज्वलाच्या माहेरच्यांनी त्याला हाताला लागेल त्यानं मारलं होतं.

२

कोठडीत समाधान भिंतीला पाठ लावून बसला होता. ओठ फुटलेला, एक कान सुजलेला. मला वाटलं होतं, पोरगा गयावया करील. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो कोळ्याचा. त्याचं शरीर नीट ठेवलंय का, फेकून तर दिलं नाही ना.

मी चिडले. वहिनी मेलीय आणि तुला किड्याची पडलीय, असं म्हणालेही. तेव्हा तो बोलायला लागला. कोळी पुण्यातल्या मित्राकडून घेतला होता, तेव्हा तो मुगाच्या दाण्याएवढा होता. विकणाऱ्यानं सांगितलं, मध्य अमेरिकेतली जात आहे, कुरळ्या केसांची, गरीब. चावली तरी मधमाशीएवढंच. त्यानं नाव ठेवलं राणी. झुरळं, नाकतोडे खाऊ घालून वाढवली.

"पण मॅडम, पिल्लं लहानपणी समदी सारखीच दिसत्यात. तपकिरी. जात वळखू येते ती मोठी झाल्यावर. विकणाऱ्यानं मला फसवलं असंल तर? ती दुसरीच निघाली तर वहिनी माझ्याच हातानं गेली ना?"

खुनाचा आरोपी सुटका मागतो. हा पोरगा मागत होता ती राणीची जात. ती विषारी निघाली असती, तर कोर्टानं सोडलं तरी हा स्वतःला सोडणार नव्हता, हे मला त्याच क्षणी दिसलं आणि त्याची मला फार कीव आली.

त्याची रात्र वस्तीपासून लांब, बाजरीच्या राखणीत गेली होती. रानडुकरं येतात म्हणून घरातला एक जण रोज माळ्यावर झोपतो. साक्षीदार कुणी नाही. निघताना डबा फळीवर ठेवला, झाकणाच्या दोन्ही कड्या लावल्या, असं तो शपथेवर सांगत होता. शेवटी त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. कोळीही सापासारखी कात टाकतो, आणि राणीची मागची कात त्यानं अंबाजोगाईच्या खोलीवर काड्यापेटीत जपून ठेवली होती. जाणकाराला ती दाखवली तर जात कळेल.

बाहेर आल्यावर मी बन्सीभाऊंना विचारलं, आपण गेलो तेव्हा डबा कसा होता?

त्यांनी मोबाइलमधला फोटो काढून पुढं धरला. डबा समाधानच्या खोलीतल्या उंच फळीवर होता. झाकण बंद होतं. दोन्ही कड्या लावलेल्या होत्या.

कोळी निसटू शकतो, पण बाहेर पडून मागं कड्या लावत नाही. राणीला कुणीतरी हातानं काढलं होतं. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. समाधान खोटं बोलत होता, नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी.

३

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वस्तीवर गेले. गणवेशाला माणसं घाबरतात आणि घाबरलेली माणसं एकसारखं बोलतात, म्हणून साध्या कपड्यांत गेले.

मुंजाजी गोठ्यापाशी बसला होता. मान, कोपरांचे खळगे, कानामागची कातडी खाजवून खाजवून काळी पडलेली. विचारलं तर म्हणाला, गाजरगवत. आमच्या जिल्ह्यात हे उत्तर ऐकलं की पुढं कुणी विचारत नाही. पावसाळ्यात बांधाबांधावर ते पांढऱ्या फुलांचं गवत माजतं आणि निम्मा जिल्हा खाजवत बसतो. सुनेबद्दल तो चांगलं बोलला. शेरडांची बाळंतपणं तीच करायची म्हणाला. पहाटेबद्दल विचारलं की मात्र दरवेळी तेच वाक्य, पोटात दुखलं आणि गेली.

सोमनाथचं बोलणं तुटक होतं. मी सहज विचारलं, गाडी तर दारातच होती, सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर, मग नेलं का नाही? त्यानं बापाकडं पाहिलं, आईच्या खोलीकडं पाहिलं. म्हणाला, टाईमच मिळाला न्हाई. त्याच्या हातांवर, तोंडावर कुठं एक पुरळ नव्हतं.

दगडाबाई आत चुलीपाशी होती. तिचे डोळे बघवत नव्हते. दोन्ही लाल, पापण्या सुजलेल्या, उजवा तर जवळजवळ मिटलेलाच. ती सारखी पदरानं डोळे पुसत होती. शेजारणी म्हणाल्या, सून गेली, लेक तुरुंगात गेला, बाईनं रडून रडून डोळे घालवले. मलाही तिच्याकडं बघून गलबलून आलं. मी फार काही विचारलं नाही. तिनंच एक विचारलं. किड्यानं माणूस मेलं तर किड्याच्या धन्याला फाशी होती का?

मी सांगितलं, मुद्दाम सोडला असं ठरलं तर जन्मठेपही होऊ शकते. ती चुलीतल्या राखेकडं बघत बसली.

निघताना शेजारची चंद्रभागाबाई गाठली. ती पहाटे आवाज ऐकून आली होती. तिनंही पाठ केल्यासारखं सुरू केलं, पण म्हातारीला बोलण्याची हौस. उज्ज्वला शेवटी कशी दिसत होती, एवढंच मी विचारलं.

"वरडली न्हाई, काय न्हाई. डोळे उघडंनात तिचे. पापण्या बोटानं वर करायची. बोलणं बी नाकातनं येत हुतं. आमाला वाटलं झोप आलीय."

"कुठं बसली होती?"

"तितं..." म्हातारी थांबली. "घरातच की."

घरात म्हणताना तिची नजर वस्तीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळाकडं गेली होती.

मी ठाण्यावर येऊन पंचनाम्याचे फोटो पुन्हा काढले. उज्ज्वलाच्या कपाळावर कुंकू होतं. कुंकवाच्या वर, केसांच्या कडेला, नारिंगी बोट ओढलेलं होतं. शेंदूर. मारुतीच्या अंगचा.

४

प्रा. धनश्री अंबाजोगाईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. समाधान त्यांचा विद्यार्थी. मी काड्यापेटी आणि बाटलीतला चिरडलेला कोळी घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी हातमोजे घातले, मग डोळ्यांवर चष्मा चढवला. मला म्हणाल्या, लांब उभ्या राहा आणि डोळ्यांना हात लावू नका.

मोबाइलवरच्या फोटोनं पिल्लाची जात सांगणाऱ्यांबद्दल त्या फार कडक बोलल्या. ते इथं लिहीत नाही. त्यांचं म्हणणं असं की या वयात रंगावर जाण्यात अर्थ नाही, अंगावरचे केस बघायचे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी ती कात पाण्यात मऊ करून उलगडली. पोकळ पाय, पोकळ जबडा, सगळा कोळी जागच्या जागी, फक्त आत कुणी नाही. पोटाच्या वरच्या बाजूला आखूड केसांचा दाट पट्टा होता. त्यांनी मला बघायला लावलं. एकेक केस म्हणजे उलट काट्यांची बारीक सुई.

मग त्या समजावू लागल्या. आपल्याकडच्या झाडावरच्या कोळ्याला असले केस नसतात. तो स्वतःला वाचवायला चावतो. अमेरिकेतल्या जाती चावण्याआधी मागच्या पायांनी पोट झाडतात आणि हे केस हवेत उडवतात. चिरडलेल्या राणीच्या पाठीवरचा केसांचा पट्टा मधोमध गेला होता, टक्कल पडल्यासारखा. कातेत तो पूर्ण होता. म्हणजे मरण्याच्या थोडं आधी तिला कुणीतरी छेडलं होतं.

"समाधानला फसवलेलं नाही. सांगितली तीच जात आहे. यानं माणूस मरत नाही, अंजलीताई. लेखी देते."

मी तिथंच खुर्चीत बसले. पोराला द्यायला माझ्याकडं एक चांगली बातमी होती. पण शवविच्छेदनात मरणाचं कारण राखून ठेवलेलं होतं, आणि उज्ज्वला मग कशानं मेली, हा प्रश्न आता उघडा पडला होता.

निघताना मी विचारलं, हे केस माणसाला लागले तर काय होतं?

"बोटांच्या बेचक्यांत पुरळ, भयंकर खाज. आणि डोळ्यांत गेले तर ते बुबुळात रुततात. धुऊन निघत नाहीत. वेळेवर काढले नाहीत तर दृष्टी जाते."

अंबाजोगाईहून परतताना मला मुंजाजीची खाजवून काळी झालेली मान आठवत होती.

५

मुंजाजीला मी दिवसाच्या उजेडात दारात बसवलं आणि हात दाखवायला सांगितले. खाजेमुळं मी त्याला जवळजवळ दोषी धरूनच गेले होते. पण त्याच्या तळहातांवर काही नव्हतं. बोटांच्या बेचक्या साफ. होतं ते मानेवर आणि कोपरांत, आणि तिथली कातडी जाड, जुनी. शेजारी म्हणाले, हे त्याचं दरसालचं. गाजरगवत वाऱ्यावर येतं, उघड्या अंगाला लागतं. कोळी हातात धरावा लागतो. सोमनाथच्या अंगावर तर काहीच नव्हतं. समाधानचे हात मी कोठडीतच पाहिले होते, तेही साफ होते.

मग मी अंगणातल्या बाजेवर बसून सगळं पुन्हा जुळवलं. पापण्या उचलत नव्हत्या, आवाज नाकातून, पोटात दुखणं, पण सूज नाही, ओरडणं नाही. जमिनीवर झोपणारी बाई, भाद्रपदातली रात्र. हे मी नोकरीत बऱ्याचदा ऐकलं होतं. आणि दातांतला लिंबाचा पाला. आमच्या भागात पान लागलं, म्हणजे साप चावला, की माणसाला लिंब चावायला देतात. कडू लागला तर इष न्हाई, गोड लागला तर हाय. कोळी चावला म्हणून लिंब कुणी देत नाही. लिंब फक्त सापाला. म्हणजे पहाटे उज्ज्वला जिवंत असताना या घराला ठाऊक होतं की हा साप आहे. लिंब दिला, मारुतीपुढं नेऊन बसवली, शेंदूर लावला. कोळी आला तो ती मेल्यावर.

धारूरचा सर्पमित्र बाळू याला बोलावलं. त्यानं उज्ज्वलाच्या खोलीतली कणगी सरकवली, भिंतीच्या पायाशी बीळ होतं. थोडी माती खणल्यावर काळा, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचा साप वेटोळं करून निपचित पडलेला दिसला. बाळू मागं न बघता म्हणाला, "मण्यार हाय. लांब व्हा." सोमनाथ गर्दीतून पुढं आला. त्याचं तोंड बघून मला कळलं, वाकळेतून किडा निघाल्यापासून याला खरंच कोळीच चावला असं वाटत होतं. देवळाची गोष्ट त्यानं लपवली होती, कोळ्याची नाही.

राहिली दगडाबाई.

मी आत गेले. ती तशीच पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसलं की डोळा आणखी लाल होत होता. आता मला ते नीट दिसलं. रडण्यानं डोळे सुजतात, पण रात्रभरात उतरतात. हिचे रोज वाढत होते. तिचा उजवा हात मी माझ्या हातात घेतला. बोटांच्या बेचक्यांत बारीक लाल पुरळ होतं.

"मावशी, त्या पहाटेपासून लुगडं बदललं न्हाई का?"

"सुतकात कशाला बदलू."

"राणीला कशात धरलं होतं? पदरातच ना?"

मी चंद्रभागाबाईकडून दुसरं लुगडं मागवलं आणि हे सोडून द्यायला सांगितलं. पदराच्या टोकातून धनश्रींनी नंतर तेच उलट काट्यांचे केस काढले, पण तिनं तोवर वाट पाहिली नाही. भिंतीकडं तोंड करून तिनं सांगून टाकलं.

"पोरगी देवळातच गेली. घरी आणून निजवली. साप म्हणलं असतं तर ईवायानं इचारलं असतं, गाडी दारात हुती, दवाखान्यात कावून न्हाई नेलं? सापाला सरकारी इंजेक्शन हाय, समद्यास्नी म्हाईत हाय. किड्याला इंजेक्शन न्हाई. किड्यानं मेली म्हणलं की कुणाचा दोष न्हाई, असं वाटलं मला."

"आणि समाधान?"

"किड्यावर कोण केस करतं, बाई? म्हणलं, चार शिव्या खाईल. त्याला धरून नेलं तवा सांगणार हुते. पण सांगितलं असतं तर ईवायानं सोमनाथला धरलं असतं. एकाला सोडवायला दुसरा कसा देऊ?"

डबा तिनंच उतरवला, राणीला पदरात घेऊन वाकळेत टाकलं, आणि मग सवयीनं झाकणाच्या कड्या लावून डबा होता तिथं ठेवला. सगळं आयुष्य मुंग्या-उंदरांपासून डबे सांभाळण्यात गेलेली बाई. तिला झाकण उघडं ठेवताच आलं नाही.

मला तिचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण तोच हात धरून मी तिला उठवलं आणि गाडीत बसवलं, कारण डोळा जात होता.

६

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांतले केस एकेक करून काढले. डावा वाचला. उजव्याची त्यांनी खात्री दिली नाही.

समाधान सुटला. धनश्रींचा लेखी अहवाल मी त्याच्या हातात दिला तेव्हा तो त्यानं दोनदा वाचला आणि खिशात घातला. त्याला वाटलं असेल तेवढा आनंद झाला नाही, हे मला दिसत होतं. राणी निर्दोष होती, तो निर्दोष होता, आणि घर मात्र उरलं नव्हतं. अर्जुनरावांनी खुनाची फिर्याद सोडली आणि नव्यानं सगळ्या घराविरुद्ध दिली. साप चावलेल्या माणसाला देवळात बसवून ठेवण्याला कुठलं कलम लावायचं, यावर वरच्या साहेबांचा आणि माझा अजून वाद चालू आहे. पुरावा बनवल्याबद्दल दगडाबाईवर मात्र गुन्हा दाखल झाला.

समाधान आईला भेटायला आला तेव्हा मी खाटेशेजारीच होते. सोमनाथ दारात उभा होता. चंद्रभागाबाई आणि वस्तीवरच्या आणखी काही बाया जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. आईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. पावलांवरूनच तिनं धाकट्याला ओळखलं. माफी वगैरे काही मागितली नाही. तिच्या मनात वेगळंच घोळत होतं.

"तू कालेजात शिकलास. एक सांग. उज्ज्वलाला डसला तसाच मलाबी डसला हुता, मी नवी नवरी असताना. मारुतीपुढं निजवलं. सकाळी उठून भाकरी केली मी. तोच साप, तोच मारुती. मग मी कशी वाचले?"

खोलीतल्या बाया पुढं सरकल्या. ही गोष्ट त्यांना पाठ असावी, कारण त्यांच्या माना आपोआप हलल्या. पिंपळदऱ्यात पान लागलं की देवळात न्यायचं, हे दगडाबाईच्याच जिवावर चालत आलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

"तू पाह्यला हुता का त्याला?" समाधाननं विचारलं.

"माझ्या सासऱ्यानं मारला ना काठीनं. दिवसभर अंगणात पडला हुता. काळपट, पांढरे पट्टे. मानंपाशी पट्टे ठळक, मागं शेपटीकडं काहीच न्हाई, नुसता तपकिरी."

समाधाननं माझ्याकडं पाहिलं. बिळातला साप मी पाहिला होता. त्याचे पट्टे नेमके उलटे होते, मानेकडं पुसट आणि शेपटीकडं ठळक. मला उत्तर कळलं आणि त्यालाही. क्षणभर वाटलं, हा पोरगा आता खोटं बोलेल. एक डोळा गमावत चाललेली आई, तिच्याजवळ उरलेला एकच देव. मी असते तर कदाचित बोलले असते.

पण तो बायांकडं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मण्यार न्हवता, आई. तो कवड्या. दिसायला तसाच, पण त्याला इषच नसतं. तुला मारुतीपुढं निजवलं नसतं तरी तू सकाळी उठून भाकरी केली असतीस."

चंद्रभागाबाईनं हातातला डबा खाली ठेवला.

दगडाबाईचा हात चाचपडत सोमनाथच्या दिशेनं हवेत गेला. तो जागचा हलला नाही.

"म्हणजे तिला..." ती म्हणाली. "हा गाडी काढत हुता, बाई. चावी म्या काढून घेतली. ती सारखी म्हणायची, आत्या, दवाखान्यात न्या मला. म्या तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणलं, भिऊ नगंस, मला बघ, मी जित्ती हाय ना."